नमुन्यात आलेली बंद घरं

लोकप्रशासनात एम.ए. कशाला करतेस, असं मला इतक्या जणांनी विचारलं की शेवटी मी माणूस बघून उत्तर द्यायला लागले. साहेबांना सांगितलं, खात्याच्या परीक्षेला उपयोग होईल. शेजारणीला सांगितलं, मुलगी कॉलेजात गेली, आता मला वेळ असतो. दोन्ही खोटं. परीक्षेला त्याचा उपयोग नव्हता आणि वेळ तर मुळीच नव्हता. खरं कारण असं की शनिवारी दुपारी कॉलेजात दोन-तीन तास नुसतं बसायला मिळायचं आणि तेवढ्या वेळात कुणी माझ्याकडे काही मागायचं नाही. चाळिशी उलटल्यावर माणूस एवढ्यासाठीसुद्धा प्रवेश घेतो.

मी नाशिकला सरकारी कचेरीत पुरवठा शाखेत लिपिक आहे. रेशनकार्डात नाव घालायचं, नाव कमी करायचं, फाटलेलं कार्ड बदलून द्यायचं. सोमवार ते शुक्रवार समोर माणसं उभी असतात आणि प्रत्येकाचं काम आजच व्हायला हवं असतं. घरी सासूबाई, मुलगी आणि नवरा. नवरा पिंपळगावच्या एका पॅकहाउसमध्ये सुपरवायझर आहे. द्राक्षाच्या दिवसांत तो फक्त झोपायला घरी येतो.

पहिलं वर्ष पुस्तकं वाचून निघालं. दुसऱ्या वर्षी संशोधन पद्धती हा विषय आणि त्यासोबत लघुप्रबंध. शिकवायला आलेल्या मॅडम माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी लहान होत्या. तासिका तत्त्वावर होत्या, म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि सुट्टी लागली की तोही नाही. सकाळी एका कॉलेजात, दुपारी आमच्याकडे, संध्याकाळी तिसरीकडे. वर्गात यायच्या तेव्हा हेल्मेटमुळे केस चपटे झालेले असायचे आणि फळ्याकडे तोंड करून त्या आधी एक मोठा श्वास घ्यायच्या. मी त्यांना मॅडम म्हणायचे, त्या मला ताई म्हणायच्या.

मी विषय नेला, "नाशिक जिल्ह्यातील सार्वजनिक वितरण व्यवस्था : एक अभ्यास." मॅडमनी वाचला आणि कागद परत दिला.

"ताई, यात तुम्हाला काय माहीत नाही?"

"म्हणजे?"

"ही व्यवस्था तुम्ही रोज चालवता. मग शोधायचं काय आहे?"

मी पुढच्या शनिवारी दुसरा कागद नेला, त्याच्या पुढच्या शनिवारी तिसरा. दरवेळी त्या शांतपणे तोच प्रश्न विचारायच्या आणि दरवेळी घरी येताना रिक्षात मला वाटायचं, झालं तेवढं पुरे, सोडून द्यावं. शेवटी एकदा वैतागून मी म्हणाले, "मला एवढंच माहीत नाही, की कार्ड असलं तर कुठल्याही गावच्या दुकानात धान्य मिळतं असा नियम आहे, तर मग डोंगरातली माणसं चार-चार महिने बाहेर कामाला जातात, ती तिकडं धान्य घेतात का. आमच्याकडे तर कुणी विचारायलाही येत नाही."

"हा प्रश्न झाला," मॅडम म्हणाल्या. "आता याचा आराखडा करा."

आराखडा म्हणजे काय हे तेव्हा मला वहीतल्या व्याख्येपुरतं कळत होतं. कुणाला विचारणार, किती जणांना, ते कसे निवडणार, काय विचारणार, आणि मिळालेल्या उत्तरावर विश्वास का ठेवायचा. मी पेठ तालुक्यातलं एक गाव घेतलं, कारण तिथल्या अंगणवाडीच्या ताईंची माझी ओळख होती. कार्डधारकांच्या यादीतून घरं निवडायला चिठ्ठ्या केल्या, स्टीलच्या डब्यात टाकल्या आणि सकाळची पोळ्यांची कणीक मळून झाल्यावर ओट्यापाशी उभ्या उभ्या काढल्या. निघाली तेवढी घरं हा माझा नमुना. मग प्रश्नावली. ती आधी कुणावर तरी वापरून बघायची असते, म्हणून मी सासूबाईंना समोर बसवलं. त्या दिवशी पौर्णिमा होती, पांढरी साडी नेसून त्या विहारात जायच्या घाईत होत्या.

"आई, दुकानदाराची वागणूक कशी वाटते? अत्यंत समाधानकारक, समाधानकारक, सांगता येत नाही, असमाधानकारक..."

"तो खालच्या गल्लीतला ना? चांगला आहे. त्याच्या आईला मी ओळखते."

"आईचं नाही, त्याची वागणूक."

"मग चांगलीच सांगते ना. वाईट सांगितलं तर तू कुठे लिहिणार? सरकारी कागदावर?"

"हा सरकारी कागद नाही, आई."

"कागद नसेल. तू तर सरकारी आहेस." असं म्हणून त्यांनी चपला घातल्या आणि गेल्या.

मॅडमना हे सांगितलं तेव्हा त्या हसल्या. मी त्यांना तेव्हा पहिल्यांदा हसताना पाहिलं. मग म्हणाल्या, "हे लिहून ठेवा. तुम्ही समोर बसलात की लोकांना कचेरी दिसणार. गावात गेल्यावर कॉलेजची विद्यार्थिनी म्हणूनच ओळख सांगा."

जानेवारीतल्या एका रविवारी पहाटेच्या बसने पेठ आणि तिथून जीपने गाव गाठलं. थंडी होती, जीपमध्ये मांडीवर कुणाचं तरी मूल बसलेलं आणि पायाखाली सिमेंटची गोणी. अंगणवाडीच्या ताई रस्त्यावर घ्यायला आल्या होत्या. मी त्यांना जीपमधून उतरता उतरताच बजावलं की माझी नोकरी कुणाला सांगू नका. त्या हो म्हणाल्या आणि पहिल्याच अंगणात शिरून हाक मारली, "बाहेर या हो, रेशनच्या हापिसातल्या मॅडम आल्यात!"

पण हाकेला ओ द्यायला तिथं कुणी नव्हतं. दाराला कुलूप. पुढच्या घरालाही कुलूप. त्याच्या पुढच्या घराला कुलूप नव्हतं, नुसता दोर गुंडाळला होता आणि अंगणात कोंबड्या फिरत होत्या. माझ्या चिठ्ठीतल्या निम्म्याहून जास्त घरांची तीच गत. एका घराच्या पडवीत एक म्हातारे बाबा उन्हाला बसले होते.

"घरातले कुठं गेलेत, बाबा?"

"भाताचा काम झाला. गेलीत द्राक्षाला."

"कधी येतील?"

"शिमग्याला येतील."

मी प्रश्नावली काढली. दुकान कसं आहे, बरा हाय. धान्य वेळेवर मिळतं का, मिळतं. दर्जा कसा, बरा हाय. मशीनवर अंगठा उमटतो का, बरा हाय. प्रत्येक उत्तर देताना ते माझ्याकडे न बघता अंगणवाडीच्या ताईंकडे बघत होते. दुपारपर्यंत मी जी काही घरं उघडी सापडली ती केली. बहुतेक म्हातारी माणसं, आणि ज्यांना पाणी-जमीन बरी आहे म्हणून गाव सोडावं लागत नाही अशी दोन-तीन कुटुंबं.

अंगणवाडीच्या ताईंनी भाकरी आणि उडदाचं पिठलं वाढलं. मी भरलेल्या प्रश्नावल्या पुन्हा पुन्हा मोजताना बघून म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेता? शेजारच्या घरात विचारा. सगळ्यांचं एकच असतं."

परतताना जीपमध्ये मला झोप लागली. नाशिकला उतरले तेव्हा गुडघे सरळ होत नव्हते आणि दुसऱ्या दिवशी सोमवार होता.

पुढच्या शनिवारी तास संपल्यावर मॅडमना गाठलं. त्या कॉलेजच्या मागच्या बाजूला स्कूटर काढत होत्या.

"कोण कोण भेटलं?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"आणि जे भेटले नाहीत?"

"द्राक्षाला गेलेत."

"तुमचा प्रश्न काय होता, ताई?"

"बाहेरगावी असताना धान्य घेतात का, हा."

"मग बाहेरगावी गेलेल्यांना सोडून तो विचारणार कुणाला?" त्या हेल्मेट घालता घालता म्हणाल्या.

माझा तोल गेला. "मॅडम, शनिवार इथं जातो. मला रविवार एकच असतो. त्यात आठवड्याचे कपडे असतात, दळण असतं, सासूबाईंच्या गोळ्या आणायच्या असतात. मी कुठं कुठं शोधू त्यांना?"

त्यांनी हेल्मेट पुन्हा काढलं. मला वाटलं आता रागावतील. त्या स्कूटरवर बसल्या.

"शोधलंच पाहिजे असं मी म्हणत नाही," त्या मग म्हणाल्या. "नाही सापडली तर नाही सापडली असं लिहा, किती आणि का ते लिहा. चालतं ते. फक्त त्या कुलपांच्या जागी दुसरी घरं घालू नका. तुम्ही काय विचारायला गेला होता, तेच मग बदलतं. बाकी तुमचं तुम्ही ठरवा, ताई. मला उशीर होतोय."

फेब्रुवारी लागला तेव्हा वर्गावर दुसरेच सर आले. मॅडमचे तास संपले होते आणि पुढचे मंजूर झाले नव्हते, एवढंच कळलं. निरोपाचं वगैरे काही झालं नाही. झाडून सगळ्यांचे लघुप्रबंध त्या सरांकडे गेले.

सर निवृत्तीला आलेले, स्वभावाने फार चांगले. त्यांनी मला खुर्ची दिली, शिपायाला चहा सांगितला, माझी पानं चाळली.

"किती घरं बंद होती?"

"निम्म्याहून जास्त, सर."

"मग शेजारची घ्यायची. नमुना पूर्ण दिसला पाहिजे."

"पण सर, चिठ्ठीत आलेली घरं..."

"अहो बाई, तुमच्या चिठ्ठ्या कोण बघायला येणार आहे? तुम्ही नोकरी करता, घर सांभाळता. मी तुमच्या भल्याचंच सांगतोय."

ते खरोखरच माझ्या भल्याचं सांगत होते. वाईट माणसाचा सल्ला नाकारायला सोपा असता. मी घरी आले, प्रश्नावल्यांचा गठ्ठा तांदळाच्या पिंपावर ठेवला आणि काही आठवडे त्याला हातच लावला नाही. तांदूळ काढायचे झाले की गठ्ठा उचलायचा, तांदूळ काढायचे, गठ्ठा परत ठेवायचा. कचेरीत मार्चअखेरची कामं सुरू झाली होती. शनिवारीही बोलवायला लागले. नवऱ्याला मी यातलं काही सांगितलं नव्हतं, निदान मला तरी तसं वाटत होतं.

एका रविवारी सकाळी तो डबा भरून घेता घेता म्हणाला, "मुकादमाला विचारलं मी. आम्हाला माल देणाऱ्या एका बागेत पेठकडची टोळी आहे. तुझ्या त्या गावाचीच माणसं आहेत."

"तुला कुणी विचारायला सांगितलं?"

"कुणी नाही."

"माझी पाठ दुखतेय."

"मग नको," तो म्हणाला आणि बूट घालायला लागला. त्याने आग्रह केला असता तर मी नक्की गेले नसते.

सासूबाई आतून म्हणाल्या, "जा गं. स्वयंपाकाचं मी बघते. नाहीतर उन्हाळाभर तोंड पाडून बसशील आणि आम्हाला ते बघावं लागेल."

मी गठ्ठा पिशवीत टाकला आणि त्याच्या मागे मोटरसायकलवर बसले. ओझर मागे पडलं. हायवेवरून आत वळून त्याने मला बागेच्या तोंडाशी सोडलं, मुकादमाशी दोन शब्द बोलला आणि कामावर गेला.

बागेत तोडणी चालू होती. बाया वाकून मांडवाखाली शिरायच्या, कात्रीने घड कापायच्या, हिरवे मणी बघायच्या, खराब मणी काढून टाकायच्या आणि घड क्रेटमध्ये ठेवायच्या. बाहेर टेम्पो उभा होता. तो भरल्याशिवाय कुणी बोलणार नाही, असं मुकादमाने सांगितलं आणि ते रास्तच होतं. मी बांधावर बसून राहिले. बागेच्या कडेला प्लॅस्टिकच्या कागदाची पालं होती, तिथं एका पालासमोर चूल विझत आली होती.

दुपारी जेवणाची सुट्टी झाली तेव्हा माणसं माझ्याभोवती जमली. मी गावाचं नाव सांगितलं, ज्या ज्या घरांना कुलूप पाहिलं त्या घरांची नावं सांगितली. एक तिशीतली बाई पुढे आली. ती त्या उन्हाला बसलेल्या बाबांची सून होती. मी प्रश्नावली काढायच्या आत तिनेच विचारलं,

"आमचा म्हातारा कसा हाय?"

"बरे आहेत. पडवीत उन्हाला बसले होते."

"खोकत होता का?"

मी आठवून बघितलं. "मी होते तोवर तरी नाही."

"भाकर खाल्लेली दिसत होती का?"

तेवढं मी बघितलं नव्हतं. मी जानेवारीत गेले होते, आता मार्च होता, हेही तिला सांगायला हवं होतं. मी सांगितलं. ती मान हलवून खाली बसली. मग आणखी दोघी-तिघींनी आपापल्या माणसांची चौकशी केली. कुणाची आई, कुणाचा शाळेत ठेवलेला मुलगा. ज्यांना मी पाहिलं होतं त्यांचं सांगितलं, नव्हतं पाहिलं त्यांचं नाही म्हटलं. माझ्या प्रश्नांची पाळी बऱ्याच उशिरा आली.

"इथल्या दुकानात धान्य मिळतं हे माहीत आहे का?"

"सांगितला होता," ती सून म्हणाली.

"मग घेता का?"

"नाय. इथं घेतला तर तिथं म्हाताऱ्याला काय राहील? कार्ड एक हाय ना."

नियमाप्रमाणे तसं नाही. थोडं इथं घेतलं तर उरलेलं तिथं घेता येतं. मी तिला तसं समजावून सांगितलं, कचेरीत सांगते तसंच. तिने ऐकून घेतलं. मग नवऱ्याकडे बघितलं आणि म्हणाली, "बघू." तो आवाज मी ओळखते. आमच्या खिडकीवर रोज ऐकते.

दुसरी एक बाई म्हणाली की ती गेली होती पिंपळगावच्या दुकानात, पण मशीनने बोट घेतलं नाही. तिने हात पुढे केला. औषधांनी आणि कात्रीने बोटांची कातडी सोलून गेली होती. एका माणसाला असा नियम असतो हेच ठाऊक नव्हतं. एक जण म्हणाला, त्याला मिळतं, दर महिन्याला मिळतं, काही अडचण नाही. सगळ्यांचं एकच असतं, असं अंगणवाडीच्या ताई म्हणाल्या होत्या, पण तसं काही नव्हतं. मी लिहीत गेले.

शेवटी त्या सुनेने विचारलं, "आमचा कार्ड बंद तर नाय ना होणार?"

"नाही. हे फक्त माझ्या अभ्यासासाठी आहे."

"तुमी हापिसातल्याच ना?"

गावाकडून फोन आला असणार. "हो," मी म्हणाले, "पण त्यासाठी नाही आले."

मुकादमाने हाक मारली आणि ती कात्री घेऊन मांडवाखाली गेली. माझ्यावर तिचा विश्वास बसला की नाही हे मला कळलं नाही, आणि ती शंका मी प्रबंधात एका परिच्छेदात लिहिली. मॅडम असत्या तर त्यांनी लिहायलाच लावलं असतं.

सगळी घरं मला मिळाली नाहीत. काही दिंडोरीकडच्या बागांत होती, एक कुटुंब सिन्नरला कारखान्यात गेलं होतं, काही गुजरातेत. मी आणखी कुठं गेले नाही. शक्ती नव्हती. न भेटलेली घरं न भेटलेली म्हणून लिहिली आणि एप्रिलभर स्वयंपाक उरकल्यावर जेवणाच्या टेबलावर बसून टायपिंग केलं. सरांनी सही करताना मान हलवली. "बघा हं, तोंडी परीक्षेत विचारतील. जबाबदारी तुमची."

विचारलंच. बाहेरगावाहून आलेल्या परीक्षकांनी कोष्टकावर बोट ठेवलं. "एवढे कमी प्रतिसादक? निवडले होते त्यातले बरेच गळालेत."

"गळाले नाहीत, सर. मिळाले नाहीत. कोण आणि का, ते पुढच्या पानावर आहे."

त्यांनी पान उलटलं. बराच वेळ वाचलं, किंवा मला तो बराच वाटला. पंखा गरगरत होता आणि बाहेर पुढचे विद्यार्थी ताटकळले होते. "हं," ते म्हणाले. मग संदर्भसूचीतल्या दोन चुका दाखवल्या आणि जायला सांगितलं.

निकालात बेताची श्रेणी मिळाली. ज्यांचे नमुने पूर्ण होते त्यांना माझ्यापेक्षा जास्त. कचेरीत साहेबांनी पेढे मागितले आणि मी आणले. प्रबंधाची एक प्रत त्यांच्या टेबलावर ठेवली होती. आठवड्याने ती तिथंच, फायलींच्या खाली दिसली, म्हणून उचलून घरी नेली.

मॅडमना कळवावं म्हणून जूनमध्ये फोन केला. त्या स्पर्धा परीक्षेच्या एका क्लासमध्ये शिकवायला लागल्या होत्या. मागे मुलांचा गलका ऐकू येत होता. "ताई, नंतर करते," म्हणाल्या. मला वाटलं राहून जाईल. पण दुसऱ्या दिवशी माझ्या जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. मी सगळं सांगितलं. बागेतलं सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "तुम्ही गेलात?" आणि पुन्हा, "खरंच गेलात?"

"नवऱ्याने नेलं," मी म्हणाले.

"मला वाटलं होतं तुम्ही सोडून द्याल. मी तुमच्या जागी असते तर सोडलं असतं."

मी विचारलं, त्यांची पीएच.डी. कुठवर आली. वर्गात एकदा त्यांनी ओझरता उल्लेख केला होता.

"आराखडाच मंजूर झालेला नाही, ताई. दोनदा परत आला. आता उघडून बघायचाही कंटाळा येतो. दिवसभर शिकवून घरी आलं की नाही होत."

"मला पाठवाल?"

"तुम्ही वाचणार?"

"मला सगळं कळेल असं नाही. पण वाचीन."

त्यांनी पाठवला नाही लगेच. पाऊस लागून गेल्यावर एकदा पाठवला, सोबत एकच ओळ, "घाई नाही." मी तो कचेरीच्या प्रिंटरवर काढला आणि डब्यासोबत पिशवीत ठेवला. सध्या जेवणाच्या सुट्टीत, खिडकी बंद केली की, दोन-तीन पानं वाचून होतात. कुणी काचेवर टकटक केलं की पेन्सिल मध्ये ठेवून उठते.